घरी जेवायला येण्याजोगी नोकरी

धाकटीला नोकरी लागल्याची बातमी घरात आली तेव्हा तिच्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "किती लांब?" इतर घरांत अशा वेळी पगार किती, काम काय, साहेब कसा आहे असं विचारतात. या घरात आधी अंतर विचारायचं आणि बहुतेक वेळा त्यावरच विषय संपायचा. धाकटी म्हणाली, बसने तासभर, गावाबाहेर पंप बनवणारी कंपनी आहे तिथे, पंपांची चाचणी घेण्याचं काम. वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कुणीतरी गेल्याचं कळल्यासारखा चेहरा केला.

या गृहस्थांना गल्लीत एकवाजे म्हणत. तोंडावर नव्हे, माघारी. ते पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते आणि कार्यालय चौक ओलांडला की समोर. दुपारी एकाच्या ठोक्याला ते जिना उतरत, चौक ओलांडत आणि घरी येऊन गरम जेवत. कोपऱ्यावरचा घड्याळवाला त्यांना बघून दुकानातली घड्याळं लावतो असं लोक म्हणत. घड्याळवाल्याने हे कधी नाकारलं नाही आणि कधी कबूलही केलं नाही, शेवटी धंद्याचा प्रश्न होता.

तर या घराचा नियम असा की नोकरी धरायची ती दुपारी एक वाजता घरी येऊन जेवता येईल अशीच. नियम घातला एकवाज्यांच्या वडिलांनी आणि त्यापायी त्यांनी बढती सोडली. एकवाज्यांनी तर दोनदा सोडली. दुसऱ्या खेपेला परगावी बंगला मिळत होता. "साहेब, त्या बंगल्यात माझ्याबरोबर जेवायला कोण?" असं त्यांनी वरिष्ठांना विचारलं होतं, आणि हे वाक्य या घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याने निदान एकदा ऐकलेलं होतं. जे पाहुणे पुन्हा आले त्यांनी दोनदा ऐकलं. थोरल्या मुलाला त्यांनी चौकामागच्या विमा कचेरीत चिकटवून दिलं होतं, तोही एकाला घरी. कँटीन या गोष्टीबद्दल त्यांचं मत इतकं वाईट होतं की कार्यालयातल्या कँटीनवरून जाताना ते मान दुसरीकडे वळवत.

आता तुम्ही म्हणाल, मुलीला एवढी चांगली नोकरी लागली, जाऊ दे की. तसं बायकोही म्हणाली. थोरलाही म्हणाला, जरा जास्तच जोर देऊन म्हणाला. पण एकवाज्यांनी जाहीर केलं की धाकटीला याच भागात, चालत येण्याच्या टप्प्यात, त्याच तोडीची नोकरी मी स्वतः बघून देतो. कंपनीने कळवायला आठवडा दिला होता. एकवाज्यांच्या मते आठवडा भरपूर होता.

समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहत. सल्ला द्यायला त्यांना विषय लागत नसे. एकवाजे दुपारी गल्लीत शिरले की मास्तर हमखास फाटकापाशी गाठत आणि कधी मणक्याविषयी, कधी गॅसच्या शेगडीविषयी दोन शब्द सुनावत. या प्रकरणी त्यांनी सुचवलं की चष्म्याच्या दुकानात विचारा, तिथे शिकलेली माणसं लागतात. एकवाजे गेले. दुकानदार म्हणाला, आनंदाने, ताईंनी काउंटरवर बसायचं आणि फ्रेमी पुसायच्या. तिथून ते वाहन शिकवणाऱ्या शाळेत गेले, तिथे धाकटीला स्वतःला गाडी येते का असं विचारलं. येत नव्हती. झेरॉक्सच्या दुकानात मालकाने जागा द्यायची तयारी दाखवली, पण बोलता बोलता लक्षात आलं की तो दुकानच विकायला काढतोय आणि एकवाज्यांना गिऱ्हाईक समजलाय.

या सगळ्याचा वृत्तांत त्यांनी जेवताना मांडला. धाकटीने शांतपणे ऐकून घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "मी मशिनं तपासायला शिकले. चष्मे पुसायला चार वर्षं लागत नाहीत."

एकवाज्यांना हे लागलं. पण त्यांनी हार मानली नाही. मुलगी त्या नोकरीवर एवढी अडून बसली असेल तर नोकरीलाच नियमात बसवून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. कंपनीत स्वतः जायचं, वरच्या माणसाला भेटायचं, आणि मुलीला दुपारी घरी येऊन जेवून परत जाता येईल एवढी सुट्टी रोज मिळावी अशी रीतसर विनंती करायची. यात काही वावगं आहे असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. मात्र घरी सांगितलं तर धाकटी आकांत करील, म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी कार्यालयात रजा टाकली आणि घरी न सांगता, नेहमीसारखा सदरा घालून, नेहमीच्या वेळेला घराबाहेर पडून ते कार्यालयाच्या उलट दिशेला जाणाऱ्या बसमध्ये चढले.

कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. कामाचं स्वरूप सांगा, म्हणाला. एकवाजे म्हणाले, जेवण. तो म्हणाला, जेवणाचे कंत्राटदार मागच्या फाटकाने. कंत्राटदार नाही, एका उमेदवाराच्या जेवणाबाबत बोलायचंय, असं त्यांनी समजावलं. पहारेकऱ्याने त्याच्याकडचा तक्ता दाखवला. त्यात माल, मुलाखत आणि तक्रार असे तीनच रकाने होते. एकवाज्यांनी स्वतः आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसून लोकांना हेच सांगितलं होतं, की रकान्यात बसत नसेल तर काम होत नाही. बाहेरच्या बाजूने ते ऐकायला फार वाईट वाटतं हे त्यांना प्रथमच कळलं. अखेर तक्रारीच्या रकान्यात त्यांची नोंद झाली आणि छातीवर 'तक्रारदार' असा बिल्ला अडकवून त्यांना आत सोडण्यात आलं.

नोकरभरती बघणाऱ्या बाई वयाने बेताच्या, बोलायला मोकळ्या होत्या. पाणी दिलं, खुर्ची दिली. एकवाज्यांनी घराण्याची पद्धत, वडिलांनी सोडलेली बढती, गरम अन्नाचं महत्त्व, असं सगळं क्रमवार मांडलं. बंगल्याचं वाक्यही सांगितलं. बाई चकित होतील अशी त्यांची अपेक्षा होती. बाई अजिबात चकित झाल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, "आम्हाला हे नवीन नाही. आमच्या स्टोअरला एक मुलगा आहे, तोही रोज दुपारी घरी जाऊन येतो. पण त्याचं कारण वेगळंय. वडील अंथरुणाला खिळलेत बिचारे. मुलाने भरवल्याशिवाय घास घेत नाहीत."

एकवाज्यांचे डोळे भरून आले. असे मुलगे राहिलेत कुठे आता, असं ते म्हणाले. आपल्या थोरल्याला हे उदाहरण सांगायला हवं असंही त्यांच्या मनात आलं. बाईंनी तोवर धाकटीचा अर्ज संगणकावर उघडला होता. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग जरा पुढे वाकून बघितलं.

"अहो, पत्ता तर तोच आहे," त्या म्हणाल्या. "घर नंबरसुद्धा तोच."

एकवाज्यांच्या कानात दडे बसले. स्टोअरमधल्या मुलाचं वर्णन बाई करत होत्या, उंच, अबोल, आधी कुठल्यातरी विमा कचेरीत होता, इथे येऊन वर्ष होऊन गेलं, आणि प्रत्येक शब्दागणिक तो मुलगा जास्त जास्त थोरला होत चालला होता. शेवटी शंकेला जागा उरली नाही.

"मग तुम्ही?" बाईंनी विचारलं. "वडील म्हणालात ना मघाशी?"

हा प्रसंग बाका होता. मीच वडील असं म्हणावं, तर थोरला खोटारडा ठरून घरी बसतो. एकवाजे आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, निदान कार्यालयाबाहेर.

"काका," ते म्हणाले. "वडील आमचे मोठे बंधू."

बाईंनी मग आपुलकीने मोठ्या बंधूंची चौकशी सुरू केली. आता कसं आहे? आहे तसंच, एकवाजे म्हणाले. बोलतात का? बोलतात, फार बोलतात. कुणाचं ऐकतात का? नाही. आजार नेमका काय, हे मात्र त्यांना सांगता येईना, कारण थोरल्याने काय सांगून ठेवलंय ते ठाऊक नव्हतं. निदान एखादा वजनदार आजार तरी त्याने लावला असेल अशी ते मनोमन आशा करत होते. बाई म्हणाल्या, तो काही फोड करून सांगत नाही, हट्टी आहेत एवढंच म्हणतो.

मग बाईंनी आवाज खाली आणला. त्याला स्टोअरचा प्रमुख करायचं आम्ही दोनदा ठरवलं, त्या म्हणाल्या. प्रमुखाला दुपारी जागा सोडता येत नाही, म्हणून दोन्ही वेळा तो नको म्हणाला. आता या महिन्यानंतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल. आणि मुलीचं म्हणाल तर एका घरातून दोघांना दुपारी सोडणं जमणार नाही, तिने आज संध्याकाळपर्यंत साधा होकार कळवावा, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावू.

"रागावू नका काका," त्या शेवटी म्हणाल्या, "पण एका माणसाच्या घासासाठी दोन्ही पोरं अडकली."

एकवाजे हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पाणी प्यायले, बिल्ला परत केला आणि परतीच्या बसमध्ये बसले. त्यांना इतका जबर धक्का बसला होता की वाहकाने तिकीट विचारलं तेव्हा त्यांनी घराचा पत्ता सांगितला. सकाळी हेडक्लार्क म्हणून घरातून निघालेला माणूस दुपारी अंथरुणाला खिळून परत येत होता. आणि दोनदा बढती सोडली हे वाक्य. हे वाक्य त्यांचं होतं. ते अभिमानाने सांगायचं वाक्य होतं आणि त्या बाईंनी ते एखाद्या दुखण्याचं नाव घ्यावं तसं उच्चारलं होतं.

घरी पोचले तेव्हा एकाला अवकाश होता. दाराला कुलूप. या घराच्या मालकीचं एखादं कुलूप आहे हेसुद्धा एकवाज्यांना माहीत नव्हतं. ते त्या कुलपाकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात समोरून मास्तरांनी खिडकीतून हाक मारली, वर या, उन्हात काय उभे राहिलात, त्या आता येतीलच.

"कोण येतील? गेलीय कुठे ती?"

मास्तर चपापले. पण चाळीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं जमत नाही. कामावर, ते म्हणाले. पलीकडच्या गल्लीतल्या रुग्णालयाचं कँटीन वहिनीच तर सांभाळतात. दीड वर्ष झालं की.

एकवाजे मास्तरांच्या कॉटवर बसले. कँटीन. मास्तरांनी पंखा लावला आणि समजुतीच्या सुरात एकेक गोष्ट उलगडली. दुपारचं जेवणही तिथूनच येतं. रुग्णांसाठी होतं तेच. गेल्या वर्षापासून भाजीत मीठ कमी असतं ते बायको आपल्या रक्तदाबासाठी घालत नाही, असं एकवाजे लोकांना कौतुकाने सांगत आले होते.

"आणि तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"गल्लीला माहीत आहे. तुम्हालाच सांगायचं राहिलं." मास्तर जरा घुटमळले. "थोरल्याला यायला उशीर होणार असला की तुमची मुलगी गॅलरीत टॉवेल वाळत घालते. मग मी खाली उतरून तुम्हाला जरा थांबवतो."

एकवाज्यांना मणका आठवला. शेगडी आठवली. "म्हणजे तो सगळा सल्ला..."

"सल्ला चांगलाच होता," मास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले.

मग त्या खिडकीतून एकवाज्यांनी जे पाहिलं ते फार थोड्या संसारी पुरुषांच्या वाट्याला येतं. स्वतः यायच्या आधीचं आपलं घर त्यांनी पाहिलं. बायको गल्लीच्या टोकाकडून जवळजवळ पळत आली, हातात डबा, मागे धाकटी, तिच्या हातात झाकलेलं पातेलं. कुलूप निघालं. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून दिसलं, बायकोने डोक्याची कँटीनची टोपी काढून पिठाच्या डब्यामागे ठेवली, अन्न घरच्या भांड्यांत ओतलं आणि वाफ दिसावी म्हणून गॅस मोठा केला. धाकटी टॉवेल घेऊन गॅलरीत उभी राहिली, गल्लीच्या तोंडाकडे नजर लावून, आणि थोरला दिसताच टॉवेल घेऊन आत गेली. थोरल्याने कोपऱ्यावरच स्कूटर बंद केली आणि ढकलत आणली. पाठ घामाने भिजली होती. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र त्याने खिशात कोंबलं, नळाखाली तोंड धरलं, केस विंचरले आणि चौकामागून रमतगमत आल्यासारखा चेहरा करून तो आत गेला. कुणीच बोलत नव्हतं. बोलायची गरज नव्हती, तालीम पक्की होती.

"निघा आता," मास्तर म्हणाले. "एक वाजतोय. मागच्या दाराने जा, वळसा घालून कार्यालयाच्या बाजूने या. नाहीतर घाबरतील."

आणि एकवाजे गेले. मागच्या दाराने. स्वतःच्या घरी जेवायला जाण्यासाठी ते मागच्या दाराने निघाले, वळसा घातला आणि चौकातून गल्लीत शिरले. चालताना त्यांनी मनात भाषण तयार केलं. त्याची सुरुवात 'तीस वर्षं' अशी होती आणि पुढे फसवणूक, विश्वास, कँटीन असे मोठमोठे शब्द होते. घरात पाऊल टाकताच विषयाला तोंड फोडायचं, असा त्यांनी निश्चय केला होता.

ताटं मांडली होती. वाफ येत होती. बायकोने रोजच्यासारखं विचारलं, "आज काय म्हणतंय ऑफिस?" एकवाजे म्हणाले, "आहे तसंच." आणि पानावर बसले.

भाषण काही सुरू होईना, कारण त्यांची नजर थोरल्यावर गेली. थोरला भराभर जेवत होता. रोजच असा जेवायचा. पोराची भूक बघा, घरच्या अन्नाची गोडी आहे ही, असं एकवाज्यांनी कितीदा म्हटलं असेल. आज त्यांना दिसलं की पोरगा चावत नाहीये, गिळतोय, आणि दर दोन घासांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय. एवढ्या उन्हातून एवढी स्कूटर हाणत आला होता आणि लगेच तेवढीच हाणत परत जाणार होता. एकवाज्यांच्या तोंडातला घास फिरायला लागला. त्यांना भयंकर वाईट वाटलं. रागही आला होता, पण तो कुणावर काढायचा हेच आता कळेनासं झालं.

"सावकाश जेव," ते म्हणाले. "आणि परत गेलास की त्या नोकरभरतीच्या बाईंना सांग, वडील बरे झाले. उद्यापासून आपल्या हाताने जेवतात म्हणावं. स्टोअरचा प्रमुख व्हायला मोकळा आहेस तू."

थोरल्याचा घास तसाच हातात राहिला. बायकोच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. धाकटी आधी आईकडे, मग दारातून समोरच्या घराकडे बघायला लागली. मास्तरांची खिडकी धाडकन बंद झाल्याचा आवाज आला.

"तुम्ही गेला होता तिथे?" थोरल्याने कसंबसं विचारलं.

"मी नाही. काका गेले होते." एकवाज्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पक्षाघात तरी सांगायचास रे. नुसता हट्टी काय?"

बायको तिथेच खाली बसली. ती म्हणाली, सांगणारच होतो, पहिल्या महिन्यापासून रोज सांगू सांगू म्हणत होतो. विम्याच्या पगारात थोरल्याचं पुढे काही होण्यातलं नव्हतं आणि मुलं मोठी झाल्यावर तिलाही घर खायला उठत होतं.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही दोन बढत्या सोडल्यात या जेवणापायी," बायको म्हणाली. "तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की आता कुणाला एकाला यायला जमत नाही म्हणून?"

"मी तुमच्यासाठी सोडल्या."

"आणि आम्ही तुमच्यासाठी येत होतो."

भांड्यातली वाफ निवली. एकवाजे ताटाकडे बघत होते. बंगला, परगावची ती खुर्ची, वडिलांनी नाकारलेली बढती, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी धाकटीकडे मान वळवली. संध्याकाळपर्यंतचीच मुदत आहे, फोन लाव आणि हो म्हणून कळव, दुपारच्या सुट्टीबद्दल चकार शब्द काढू नकोस, असं त्यांनी बजावलं. धाकटी उष्ट्या हाताने उठली. थोरल्याने घड्याळाकडे न बघता पुन्हा भात वाढून घेतला.

बायको अजून त्यांच्याकडेच बघत होती.

"अहो, पण उद्या एकाला तुम्ही जेवणार कुठे?"

एकवाज्यांनी याचा विचारच केला नव्हता. तो त्यांनी आता केला. तो करताना त्यांचा चेहरा एकदोनदा बदलला.

"तुझ्या त्या कँटीनला," ते खाली बघत म्हणाले, "बाहेरच्या माणसाला जेवण मिळतं का?"

"मिळतं," बायको म्हणाली. "रांगेत उभं राहायचं, आणि जेवल्यावर आपलं ताट आपण धुवायचं."

सकाळपासून एकवाज्यांना बरेच धक्के बसले होते. हा सगळ्यांत मोठा होता.